डॉ. आनंदीबाई जोशी : उपकाराचे ओझे आणि गृहबंधन

१

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी यांच्या चरित्राची ढोबळ रूपरेषा मराठी वाचकाला परिचित आहे. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व आणि अपत्यवियोग, अठराव्या वर्षी एकटीने केलेला समुद्रप्रवास, एकविसाव्या वर्षी अमेरिकेतील वैद्यकीय पदवी आणि बाविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच मृत्यू, असे हे आयुष्य आहे. एका हट्टी, विक्षिप्त पण सुधारणावादी पतीने आपल्या बालवधूला शिकविले, प्रसंगी मारझोड करून शिकविले आणि त्यातून भारतातील पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक निर्माण झाली, अशा सूत्रात ही कथा बहुधा बांधली जाते. या सूत्रात मारझोड हा तपशील ठरतो आणि पदवी हे फलित ठरते. फलित एवढे मोठे असल्यामुळे तपशिलाकडे कौतुकमिश्रित स्मिताने पाहण्याची सवय वाचकाला लागली आहे. इतर नवरे स्वयंपाक केला नाही म्हणून बायकोला मारत, गोपाळराव अभ्यास सोडून स्वयंपाक केला म्हणून मारत, हा विरोधाभास तर अनेकदा गमतीचा किस्सा म्हणूनच सांगितला जातो.

या घराचे स्वरूप आनंदीबाईंच्या बाजूने पाहिले, तर मात्र वेगळा प्रश्न उभा राहतो. ज्या घरात पत्नीने काय वाचावे, कोणता पोशाख करावा, कोठे राहावे, कोणास पत्र लिहावे आणि आयुष्यात काय व्हावे हे सारे एकच व्यक्ती ठरविते, त्या घरातील नियंत्रण केवळ त्याचा हेतू शिक्षणाचा आहे म्हणून सौम्य ठरते काय? आणि त्याच नियंत्रणातून जिला मोठेपणा मिळाला, तिने त्याविषयी तक्रार कोणत्या भाषेत करावी? आनंदीबाईंच्या चरित्रातील खरा पेच येथे आहे. हा पेच प्रथम कोणा चरित्रकाराने मांडला नाही. तो त्यांनी स्वतःच, वयाची विशी पूर्ण होण्याच्या सुमारास, पतीला लिहिलेल्या पत्रात मांडला.

२

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. एके काळी जमीनजुमला बाळगून असलेल्या या कुटुंबाची आर्थिक स्थिती यमुनेच्या जन्माच्या सुमारास खालावली होती. वडिलांचा या मुलीवर लोभ होता. आईचे वागणे मात्र कठोर होते. आईच्या कडक शिक्षांच्या आठवणी आनंदीबाईंनी पुढे नमूद केल्या आहेत आणि त्यांत मायेच्या शब्दाचा अभाव त्यांना अधिक जाणवलेला दिसतो. ही बाब महत्त्वाची आहे. कारण यमुना ज्या वेळी सासरी गेली, त्या वेळी शिक्षा हा मोठ्या माणसांनी लहानांशी वागण्याचा स्वाभाविक प्रकार आहे, ही समजूत तिच्या मनात आधीच रुजलेली होती. पतीच्या घरातील दंड तिला अपरिचित नव्हता. त्याचे निमित्त तेवढे नवे होते.

१८७४ मध्ये, वयाला नऊ वर्षे पूर्ण होत असताना, तिचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव पोस्ट खात्यात नोकरीस होते. ते विधुर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकविण्यास कोणी हरकत घेऊ नये, ही त्यांची विवाहापूर्वीची अट होती. मुलीचे लग्न वेळेवर उरकणे ही पालकांची निकड असल्यामुळे ती मान्य झाली. या अटीचे स्वरूप नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. ती मुलीच्या शिक्षणाची हमी होती, पण ती मुलीला दिलेली हमी नव्हती. दोन घरांतील पुरुषांनी आपसांत केलेला तो करार होता आणि त्याने शिक्षणाचा अधिकार मुलीला न देता शिकविण्याचा अधिकार पतीला दिला. विवाहानंतर रूढीप्रमाणे यमुनेचे नाव बदलले आणि ती आनंदी झाली.

कल्याणच्या नातलगांची ढवळाढवळ नको म्हणून गोपाळरावांनी बदली मागून घेतली आणि हे बिऱ्हाड अलिबागला गेले. आनंदीची आजी तेथे काही काळ सोबतीस होती. पुढे कोल्हापूर, मुंबई, कच्छमधील भूज आणि १८८१ मध्ये कलकत्ता, तेथून बराकपूर व सेरामपूर, अशा बदल्या होत गेल्या. शासकीय नोकरीतील बदल्या ही त्या काळातील सामान्य गोष्ट होती आणि शिक्षणात नातलगांचा अडथळा होत असे हेही खरे. पण या स्थलांतरांचा एक परिणाम असा झाला की, पत्नीच्या बाजूने बोलू शकेल असे माणूस उत्तरोत्तर दूर गेले. सासू, नणंदा, जावा यांनी भरलेल्या एकत्र कुटुंबात सुनेचा जाच होई हे खरे असले, तरी त्याच घरात एखादी आजी, एखादी समदुःखी जाऊ यांचा आडोसाही सुनेला मिळत असे. पती, पत्नी आणि पुस्तके एवढ्याच घरात असा आडोसा उरत नाही. पतीच गुरू, पतीच पालक आणि पतीच न्यायाधीश, अशी रचना त्या घरात आपोआप तयार झाली.

या रचनेतील शिक्षेचे स्वरूप आनंदीबाईंच्या पुढील पत्रावरून कळते. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेली पुस्तके व खुर्च्या आणि सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र प्रकारच्या शिक्षा, असा वयानुसार चढता क्रम त्यांनी दिला आहे. यांतील सोडून जाण्याची धमकी सर्वांत अर्थपूर्ण आहे. माराची वेदना शरीरापुरती असते. सोडून जाण्याच्या धमकीने मात्र संपूर्ण अस्तित्वच पतीच्या मर्जीवर टांगले जाते. बारा वर्षांच्या ब्राह्मण मुलीला पतीने टाकले, तर तिला माहेरी परतल्यावर मान नव्हता, पुनर्विवाह नव्हता आणि उपजीविकेचे साधनही नव्हते. धमकी देणाऱ्यास आणि ऐकणारीस, दोघांनाही हे ठाऊक होते. धमकी परिणामकारक होती ती यामुळेच.

३

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वैद्यकीय साहाय्य मिळाले असते तर मूल वाचले असते, ही भावना त्यांच्या मनात घर करून राहिली आणि वैद्यक शिकण्याच्या इच्छेचे मूळ बहुतेक सर्व चरित्रकार या दुःखात शोधतात. ते योग्यच आहे. स्त्रियांना पुरुष वैद्याकडे जाण्याचा संकोच वाटतो, त्यामुळे त्या उपचारावाचून राहतात आणि म्हणून देशात स्त्री-डॉक्टर हव्यात, ही त्यांची पुढील काळातील भूमिका स्वानुभवातून आलेली होती. येथे प्रथमच त्यांच्या आयुष्यात एक असा हेतू दिसतो, जो पतीच्या आज्ञेतून जन्मलेला नाही.

परंतु अमेरिकेचा विचार आधीच दुसऱ्या मार्गाने सुरू झालेला होता. कोल्हापूर येथे असताना सप्टेंबर १८७८ मध्ये गोपाळरावांनी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी आणि स्वतःच्या नोकरीसाठी अमेरिकेत काही सोय होईल काय, अशी विचारणा केली. वाइल्डर यांनी धर्मांतर सुचविणारे उत्तर दिले आणि तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. १८८० मध्ये न्यू जर्सी प्रांतातील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने तो अंक एका दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात चाळला आणि तिने आपण होऊन पत्र पाठविले. हा योगायोग चरित्रांत रसपूर्ण रीतीने सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू अशी की, एका तेरा वर्षांच्या मुलीचे भवितव्य तिच्या पतीच्या लेखणीने जगापुढे मांडले गेले होते.

तरीही या पत्रातून जे निष्पन्न झाले, ते पतीच्या योजनेच्या पलीकडचे होते. कार्पेंटरबाईंशी आनंदीबाईंचा स्वतंत्र पत्रव्यवहार सुरू झाला. त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या. हे नाते रक्ताचे नव्हते आणि सासरचेही नव्हते. पतीच्या घराबाहेर आनंदीबाईंना मिळालेला हा पहिला आडोसा होय, आणि तो हजारो मैलांवर होता. इंग्रजी ही गोपाळरावांनी सक्तीने शिकविलेली भाषा होती. पत्नी त्याच भाषेत एका परक्या स्त्रीशी मनमोकळे बोलू लागली. सक्तीने दिलेले साधन सक्ती करणाऱ्याच्या हातात कायम राहत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

घराबाहेर मात्र स्थिती कठीण होती. मुंबईत शाळेला जाता-येता लोक भोवती जमत, हसत, ओट्यावर बसलेले प्रतिष्ठित गृहस्थ टोमणे मारीत, खडे फेकीत आणि दुकानदार थुंकत, असे वर्णन आनंदीबाईंनी पुढे आपल्या भाषणात केले. पत्नीला सर्वांसमक्ष बरोबर घेऊन हिंडण्याचा गोपाळरावांना उत्साह होता. रूढीला आव्हान देण्याचे धैर्य त्यांचे, पण खडे मात्र पत्नीच्या अंगावर पडत होते. सुधारकाच्या प्रयोगाची किंमत प्रयोगाच्या विषयाला द्यावी लागते, ही एकोणिसाव्या शतकातील स्त्रीसुधारणेची एक दुर्लक्षित बाजू आहे. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींतही हीच बाजू दिसते. पतीच्या इच्छेने शिकायचे आणि त्या शिकण्याबद्दल घरातील स्त्रियांचा रोष सोसायचा, असे दुहेरी दडपण त्यांच्यावर होते. माधवरावांचा अबोला हा रमाबाईंना वाटणारा सर्वांत मोठा दंड होता. गोपाळरावांची खुर्ची आणि माधवरावांचे मौन यांत संस्कृतीचे अंतर फार मोठे आहे. पत्नीने पतीच्या मर्जीवरून आपली किंमत ठरवावी, ही अपेक्षा मात्र दोन्ही घरांत समान आहे.

दडपण सोसण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता, हे सांगण्यासाठी समकालीन रखमाबाईंच्या खटल्याचा दाखला पुरेसा आहे. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीच्या घरी नांदायला नकार दिला. १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा झाला आणि मार्च १८८७ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच, पतीकडे जा अन्यथा सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांना दिला. पतीच्या घराचा दरवाजा कायद्यानेही बाहेरून बंद केलेला होता. भारतात भावनिक छळाला कौटुंबिक हिंसाचार म्हणून कायद्यात स्थान मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले.

४

पतिपत्नींनी बरोबर अमेरिकेस जावे, ही मूळ योजना पैशाअभावी आणि नोकरीच्या अडचणीमुळे साधली नाही. तेव्हा पत्नीला एकटीने पाठविण्याचा निर्णय झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथील महाविद्यालयात आनंदीबाईंनी आपल्या प्रवासाचे समर्थन करणारे इंग्रजी भाषण केले. अमेरिकेस जाण्याची गरज, हिंदुस्थानात वैद्यकीय शिक्षण घेण्यातील अडचणी, एकटीने जाण्याचे कारण, बहिष्काराची शक्यता, अशा आक्षेपांचा त्यांनी एकेक करून परामर्श घेतला. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे अभिवचनही दिले. मुद्देसूद मांडणी आणि प्रतिपक्षाला दिलेली शांत उत्तरे यांमुळे हे भाषण एकोणिसाव्या शतकातील स्त्रीवक्तृत्वाच्या इतिहासात लक्षणीय ठरते.

या भाषणातील वक्ती ही पतीच्या हातातील बाहुली नाही, हे उघड आहे. पण ती पूर्णतः स्वतंत्र निर्णय घेणारी व्यक्ती होती, असेही सरळ म्हणता येत नाही. पतीची इच्छा इतकी वर्षे नित्य कानांवर पडत राहिली की तिचे रूपांतर स्वतःच्या इच्छेत कोठे झाले, हे तिचे तिलाही सांगणे कठीण व्हावे. दीर्घकाळच्या नियंत्रणाचे हेच वैशिष्ट्य आहे. त्यात आज्ञा हळूहळू दिसेनाशी होते आणि कर्तव्य तेवढे शिल्लक राहते. आनंदीबाईंच्या बाबतीत या कर्तव्यात मृत बालकाची आठवण आणि देशभगिनींच्या दुःखाची जाणीव मिसळली. परक्याने रोवलेल्या रोपाला स्वतःचे पाणी घालून त्यांनी ते स्वतःचे केले, एवढे निश्चित म्हणता येते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान ठेवले. सोबत मिशनरी स्त्रिया होत्या आणि त्यांच्याकडून धर्मांतराचा आग्रह होत राहिला. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथे कार्पेंटर मावशींनी त्यांना उतरवून घेतले आणि रोझेलच्या घरी नेले. नंतर फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानिया या संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला. प्राचार्या रेचेल बॉडली यांनी त्यांच्याविषयी आस्था दाखविली. प्रारंभी राहण्यास मिळालेल्या खोलीतील शेगडी धूर कोंडणारी होती. थंडी, दगदग आणि शाकाहारी अन्नाची ओढाताण यांनी मुळातच नाजूक असलेली प्रकृती खालावू लागली.

५

अमेरिकेतील पहिली दोन वर्षे हा आनंदीबाईंच्या आयुष्यातील पतीपासून दूर राहण्याचा सलग असा एकमेव काळ होय. अंतर पडले म्हणून नियंत्रण संपले नाही. ते टपालातून येऊ लागले. थंडीपासून रक्षण व्हावे म्हणून महाराष्ट्रीय पद्धत सोडून गुजराती पद्धतीने लुगडे नेसावे, एवढ्या बदलाचेही त्यांना पतीला पत्रातून स्पष्टीकरण द्यावे लागले. गोपाळरावांच्या पत्रांतून संशय, उपरोध आणि दोषारोप डोकावत. ज्याने पत्नीला जगाच्या दुसऱ्या टोकाला एकटे पाठविण्याचे धाडस केले, त्यालाच ती आता आपल्या हाताबाहेर तर जाणार नाही ना, अशी शंका ग्रासत होती. यात विसंगती वाटली तरी ती वरवरची आहे. पत्नीची प्रगती ही जोवर आपली निर्मिती आहे, तोवर तिचा अभिमान वाटतो. ती तिची स्वतःची होऊ लागली, की तीच प्रगती अवज्ञेसारखी भासते.

याच काळात आनंदीबाईंच्या व्यक्तित्वाला दोन मुखे आलेली दिसतात. फिलाडेल्फियातील एका सभेत बोलताना त्यांनी बालविवाहाच्या प्रथेचे समर्थन केले आणि त्यांच्या अमेरिकन हितचिंतकांना धक्का बसला. परकीयांपुढे आपल्या समाजाची लाज झाकणे हे त्यांना कर्तव्य वाटले असावे. मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर देण्याचा आवेशही त्यामागे असेल. पण ज्या स्त्रीने परक्या देशातील व्यासपीठावरून बालविवाहाचे समर्थन केले, तिनेच स्वतःच्या बालविवाहाचा हिशेब पतीपुढे मांडणारे पत्र मराठीत लिहिले.

त्या पत्राचा आशय थोडक्यात असा. आपण मला वागविले ते चांगले की वाईट, हे ठरविणे कठीण आहे. अंतिम उद्दिष्टाकडे पाहिले तर ते योग्य म्हणावे लागेल. परंतु लहान मुलाच्या मनावर होणाऱ्या परिणामांचा विचार केला, तर ते अयोग्य होते, हे न्यायबुद्धीने मान्य करावे लागते. यानंतर वर उल्लेखिलेल्या शिक्षांची वयवार नोंद येते आणि त्या त्या वयातील शरीराला व मनाला त्या झेपण्याजोग्या नव्हत्या, असे स्पष्ट विधान येते. वैतागून आपण घर सोडून गेलो असतो तर काय झाले असते, असाही प्रश्न त्यांनी केला आहे. हिंदू स्त्रीला पतीपुढे बोलण्याचा वा त्याला सल्ला देण्याचा अधिकार नाही. पती करील ते करू द्यावे आणि गप्प राहावे, एवढाच तिचा अधिकार आहे, असा कडवट निष्कर्षही त्या काढतात.

मराठी स्त्रियांच्या आत्मपर लेखनात या पत्राचे स्थान असाधारण आहे. ते अनेक कारणांनी. पहिले कारण असे की, त्यात मार ही घटना म्हणून न येता दीर्घकाळ चाललेली पद्धत म्हणून येते. वय, साधन आणि परिणाम यांची संगती लावून लेखिका जणू एखाद्या रोगाचा इतिवृत्तान्त लिहिते. वैद्यकाच्या विद्यार्थिनीची दृष्टी येथे स्वतःच्या भूतकाळाकडे वळलेली आहे. दुसरे असे की, लेखिका कृतज्ञता आणि दोषारोप यांपैकी एकाचीच निवड करीत नाही. हेतू चांगला होता आणि कृती वाईट होती, ही दोन्ही विधाने ती शेजारी शेजारी ठेवते आणि एकाने दुसरे खोडू देत नाही. उपकाराच्या नात्यात अडकलेल्या व्यक्तीला हे सर्वांत अवघड असते. उपकारकर्त्याविरुद्ध उच्चारलेला प्रत्येक शब्द तिला स्वतःलाच कृतघ्नपणाचा वाटतो, आणि हा अपराधभाव कोणत्याही कुलुपापेक्षा अधिक भक्कम असतो. आनंदीबाईंनी तो भाव पूर्णपणे झुगारला नाही, पण त्याला न जुमानता लिहिले. तिसरे कारण पत्राच्या ठिकाणाशी निगडित आहे. जे समोरासमोर उच्चारणे कधी शक्य झाले नसते, ते समुद्राच्या पलीकडून लिहिता आले. उत्तर येण्यास आठवडे लागतील, हे अंतर त्यांना प्रथमच निर्भयतेची फुरसत देत होते.

६

ही फुरसत फार काळ टिकली नाही. १८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेत येऊन दाखल झाले. त्यांनी तेथे व्याख्याने दिली आणि त्यांतून अमेरिकन समाज, ख्रिस्ती मिशनरी आणि प्रसंगी स्त्रीशिक्षण यांवरही टीका केली. ज्यांच्या औदार्यावर पत्नीचे शिक्षण चालले होते, त्यांनाच दुखविणारी ही भाषा होती. आनंदीबाईंची आणि कार्पेंटर कुटुंबाची त्यामुळे कोंडी झाली. गोपाळरावांच्या स्वभावातील हा विशेष पुढेही दिसतो. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींना निमंत्रणावरून नेऊन चहा पाजण्याचा घाट त्यांनी घातला आणि नंतर उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली. ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. दुसऱ्याला पेचात टाकून त्याचे वर्तन न्याहाळणे, ही त्यांची वृत्ती होती. पुण्यातील पुढाऱ्यांना हा अनुभव एका प्रसंगापुरता आला. आनंदीबाईंनी तो बालपणापासून घेतला होता.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकातील पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिविद्या हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. एकाच व्यासपीठाच्या आसपास आलेल्या या दोन स्त्रियांच्या स्थितीतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. रमाबाई विधवा होत्या, स्वतःच्या निर्णयाने परदेशी गेलेल्या होत्या आणि स्वतःच्या निर्णयाने धर्मांतर केलेल्या होत्या. त्यांच्या प्रत्येक निर्णयावर टीका झाली, पण तो त्यांचाच निर्णय आहे याविषयी कोणास शंका नव्हती. आनंदीबाईंची सर्वत्र स्तुती झाली आणि त्या स्तुतीचा मोठा वाटा त्यांच्या पतीच्या नावावर जमा झाला.

कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक केली. तोवर क्षयाने शरीर पोखरले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये पतीसह त्यांनी अमेरिका सोडली आणि १६ नोव्हेंबरला त्या मुंबईस उतरल्या. कोल्हापूरचे पद स्वीकारण्याची वेळ आलीच नाही. पुण्यात देशी वैद्यांचे उपचार सुरू असताना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या विद्येसाठी एवढे सोसले, ती स्वदेशात एकदाही वापरता आली नाही.

७

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्या आयुष्याची मालकी कोणाकडे, हा प्रश्न चरित्रलेखनात सुरूच राहिला. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या चरित्रात एक सोशिक, निर्मळ पौर्वात्य स्त्री उभी राहते. १८८९ मध्ये काशीबाई कानिटकर यांनी मराठीत चरित्र लिहिले. स्त्रीने लिहिलेले स्त्रीचे चरित्र म्हणून त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहेच. शिवाय पतीच्या अपेक्षेखातर अक्षरओळख करून घेण्याचा अनुभव स्वतः काशीबाईंनाही होता. पत्रव्यवहाराचा आधार घेऊन आणि गोपाळराव हयात असताना लिहिलेल्या या ग्रंथात त्यांच्या वर्तनाचे तपशील झाकलेले नाहीत. पुढे श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीने ही कथा घरोघरी पोहोचविली. शीर्षकातच दोन नावे जोडल्यामुळे पतिपत्नीच्या नात्यातील ओढ आणि ताण हाच कथेचा केंद्रबिंदू ठरला. त्याच नावाने २०१९ मध्ये आलेल्या चित्रपटानेही हीच जोडी कायम ठेवली. अंजली कीर्तने यांच्या १९९७ मधील चरित्राने आणि मीरा कोसंबी यांच्या संशोधनाने पत्रांतील आनंदीबाईंचा स्वतःचा स्वर पुन्हा समोर आणला.

या लेखनपरंपरेतून एक गोष्ट स्पष्ट होते. गोपाळरावांना खलपुरुष ठरविले, तर आनंदीबाई केवळ बळी ठरतात आणि त्यांचे भाषण, प्रबंध, मैत्री, पदवी यांतील कर्तृत्व पुसट होते. गोपाळरावांना शिल्पकार ठरविले, तर त्या दगड ठरतात. दोन्ही मांडण्यांत कर्ता पुरुषच राहतो. आनंदीबाईंनी स्वतः केलेला निवाडा या दोहोंपेक्षा अधिक सूक्ष्म आहे. शिक्षण मिळाले हे त्यांनी नाकारले नाही. ते ज्या रीतीने मिळाले ती रीत त्यांनी क्षम्य मानली नाही. उद्दिष्ट साधले म्हणून मार्गाचा जाब विचारण्याचा अधिकार संपत नाही, हे तत्त्व विसाव्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीने आपल्या गुरूला, पतीला आणि पालकाला एकाच पत्रात सुनावले. घरातील सत्तेचे विश्लेषण करणाऱ्या मराठी स्त्रीलेखनाचा विचार करताना ताराबाई शिंदे यांच्या १८८२ मधील 'स्त्री-पुरुष तुलना' या निबंधाबरोबर या खासगी पत्राचाही विचार व्हायला हवा. निबंधात समाजातील सर्व पुरुषांना प्रश्न विचारलेला आहे. पत्रात तोच प्रश्न एका पुरुषाला, त्याच्या उपकाराखाली राहून विचारलेला आहे.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेस पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवण्यात आल्या. शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी त्यांची ओळख तेथील शिळेवर कोरलेली आहे. माहेर कल्याणचे आणि मृत्यू पुण्यात. कायमची जागा मात्र त्यांना मिळाली ती एका परक्या स्त्रीच्या कुळात, जिच्याशी त्यांनी स्वतःच्या इच्छेने नाते जोडले होते.